पाहणीची पेटी

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी, दुपारचे तीन वाजायला दहा मिनिटे असताना, पारोळ्याच्या हिलाल आबा स्मृती रुग्णालयाच्या फाटकातून एक टेम्पो आत शिरला. हौद्यात ताडपत्रीवर माणसे आडवी पडलेली होती. मेट्रन कमलबाई पायऱ्या उतरून जवळ गेल्या. पहिल्याच बाईच्या तोंडातून लाळ गळत होती, अंगावरचे पातळ घामाने चिंब झाले होते, दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप फुरफुरत होते. कमलबाईंनी तिची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. हौद्यातून लसणासारखा उग्र दर्प येत होता.

चौतीस वर्षांच्या नोकरीत हा दर्प त्यांनी इतक्यांदा ओळखला होता, की दुसऱ्यांदा वास घेण्याची गरज नव्हती. फवारणीचे औषध पोटात गेले होते. त्यावर हाताशी असलेला उतारा एकच, ॲट्रोपिन. आणि तो एकदा सुरू केला की छातीतली घरघर थांबेपर्यंत पाच-पाच मिनिटांनी देत राहायचा. मध्येच खंड पडला तर माणूस स्वतःच्याच फुफ्फुसातल्या पाण्यात बुडतो. एकेका रुग्णाला तीस-चाळीस अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, सहज लागतात.

एवढा हिशेब मनात होतो न होतो तोच दुसरी गोष्ट आठवली, आणि कमलबाईंचे हात गार पडले. पेटी रुग्णालयात नव्हती.

टेम्पोतून उडी मारून उतरलेली उषा त्यांच्यापाशी आली. उषा ही बोरी नदीकाठच्या एका वाडीतली आशा सेविका. गळ्यात ओळखपत्र, हातात नावांची वही, आणि ओरडून ओरडून बसलेला आवाज.

"अक्का, अजून दोन गाड्या मागे शेतस. रोहिदास आबांच्या मळ्यात भरीत-पुरीचं जेवण होतं. एक्केचाळीस इथं आणते, बाकी तीस धुळ्याला मोठ्या दवाखान्यात पाठवले. पिठाचं पोतं आणि फवारणीचा कॅन एकाच टेम्पोत आणला होता म्हणे. कॅन गळका होता. भरताच्या लसणात कोणाला वासच आला नाही."

"तू जेवलीस?"

"माले काय नई, अक्का. मी दोनच पुऱ्या खाद्यात."

कमलबाईंनी तिच्या डोळ्यांकडे पाहिले. बाहुल्या लहान होत्या. पण ऊन डोळ्यांवर होते आणि पुढच्या माणसाला ओकारी येत होती. त्या पुढे झाल्या.

त्या पेटीची हकिकत आधी सांगितली पाहिजे. एरवी कमलबाईंसारख्या करारी बाईचे हात का गार पडले, हे कळायचे नाही.

दोन वर्षांपूर्वी धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतल्या नऊ लहान-मोठ्या रुग्णालयांनी एक करार केला होता. साथ, अपघात, विषबाधा, असे कोणतेही संकट एकावर कोसळले तर उरलेल्या आठांनी धावून जायचे. त्यासाठी प्रत्येकाने काही औषधांचा राखीव साठा कुलुपात ठेवायचा. ॲट्रोपिनचे पाचशे अँप्यूल हा त्यातलाच एक नियम. दर तीन महिन्यांनी पाहणी व्हायची आणि नऊ ठिकाणचे आकडे जळगावात ज्ञानेश्वर नावाच्या समन्वयकाकडच्या पत्रकात चढायचे. हा मनुष्य तरुण, सरळ आणि मन लावून काम करणारा. संकटाच्या वेळी कोणी कोणाला काय द्यायचे, हे तो त्या पत्रकावरून ठरवणार होता.

पहिली पाहणी आली तेव्हा दोंडाईच्याच्या रुग्णालयाचा साठा पोचलाच नव्हता. तिथली प्रमुख परिचारिका पुनम ही कमलबाईंच्या हाताखाली शिकलेली. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"अक्का, सकायले पाहणी शे. कपाट खाली शे. मनी लाज राखा."

लग्नघरी शेजारपाजारची पातेली, पराती जातात, त्यांवर ज्याची त्याची नावे कोरलेली असतात, आणि पंगती उठल्यावर ती घासूनपुसून परत येतात; यात खान्देशात कोणी कोणाचा कमीपणा मानीत नाही. कमलबाईंच्या आईचे पितळी पातेले तर सगळ्या गल्लीत फिरलेले. त्यांनी निळी पत्र्याची पेटी दोंडाईच्याला पाठवली. तिच्यावर पांढऱ्या रंगात रुग्णालयाचे नाव होते; पुनमने त्यावर कागद चिकटवला, पाहणी पार पडली, आणि पेटी दोन दिवसांनी परत आली.

मग धरणगावहून फोन आला. मग भुसावळहून. साठा विकत घ्यायचा म्हटले की तिथले विश्वस्त म्हणत, मुदत संपल्यावर फेकून द्यायची वस्तू कशाला घ्यायची. पाहण्या निरनिराळ्या दिवशी असत आणि पेटी एसटीच्या वाहकाकडे देऊन सहज पाठवता येई. दोन वर्षांत तिच्यावर इतके कागद चिकटले आणि निघाले, की नावातली अर्धी अक्षरे खरवडून गेली. "अक्कांची पेटी" हा शब्दच दोन्ही जिल्ह्यांतल्या परिचारिकांत रूढ झाला. कमलबाई वरवर रागावत; मनातून त्यांना बरे वाटे. नऊ रुग्णालयांची अब्रू आपल्या एका पेटीने राखली, असे त्यांना वाटे. पेटीत पाचशे अँप्यूल होते. पत्रकावर साडेचार हजार होते.

"मेट्रन, राखीव पेटी काढा," डॉक्टर प्रेमराज वॉर्डातून म्हणाले. ते तिशीतले होते, कमलबाईंच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारे. "रोजच्या साठ्यात नव्वद आहेत. ते वीस मिनिटंही पुरायचे नाहीत."

"काढते," कमलबाई म्हणाल्या.

आयुष्यात त्या क्वचितच खोटे बोलल्या होत्या, आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाही. औषधांच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतले आणि शेवटी पेटी मागून नेलेल्या पुनमला फोन लावला. तीन वाजून वीस मिनिटे झाली होती.

"पेटी कुठं आहे?"

"अक्का, उद्या पिंप्राळ्याच्या दवाखान्यात पाहणी शे ना. साडेबाराच्या जळगाव गाडीत वाहकाकडे दिली. का वं अक्का?"

"गाडीचा नंबर सांग."

पुनमने नंबर सांगितला. कमलबाईंनी तो तळहातावर लिहिला. दोंडाईच्याहून जळगावला जाणारी गाडी धुळ्यावरून येते आणि पारोळ्यातूनच पुढे जाते. खिडकीतून महामार्ग दिसत होता. पाच-दहा मिनिटांपूर्वीच, त्या रुग्णांच्या पापण्या वर करीत असताना, त्यांची स्वतःची पेटी त्यांच्या स्वतःच्या फाटकासमोरून निघून गेली होती.

रुग्णवाहिकेचा चालक कौतिक नाना पायरीपाशी स्ट्रेचर धूत होता. कमलबाईंनी त्याला बाजूला घेऊन चार वाक्यांत सांगितले. त्याने हातातले स्ट्रेचर खाली ठेवले. साठीतला माणूस, पेटीच्या अनेक फेऱ्या त्यानेच बसस्थानकावर पोचवलेल्या.

"गाडी येरंडोलले चहाले थांबस. धरसू तिले," तो म्हणाला. चाक फिरवता फिरवता मात्र त्याने मान बाहेर काढली. "अक्का, डॉक्टरले सांगेल शे का?"

"तू जा."

भोंगा वाजवीत गाडी गेली. तो आवाज दूर जाईपर्यंत कमलबाई ऐकत उभ्या राहिल्या. येण्याजाण्याला पन्नास मिनिटे. आणि नव्वद अँप्यूल.

वॉर्डात एका खाटेवर दोघे-दोघे झोपवले होते. ज्योती नावाची तरुण परिचारिका ट्रेमधून अँप्यूल फोडत होती, आणि काच फुटण्याचा तो बारीक आवाज सतत चालू होता. एरवी त्या आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही. आज कमलबाईंना प्रत्येक आवाजाबरोबर एक संख्या कमी झालेली ऐकू येत होती. चौऱ्याहत्तर. एकोणसत्तर. साठ. ज्यांची घरघर वाढत होती त्यांना आधी, असे डॉक्टरांनी ठरवले. पण घरघर सगळ्यांचीच वाढत होती. कापडाने तोंड पुसावे तो पुन्हा फेस. मळ्याचे मालक रोहिदास आबा कोपऱ्यातल्या खाटेवर होते. जीभ जड झालेली असतानाही ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारीत होते, "पाहुणे कसे शेतस? मन्हा पाहुण्यासले आधी दखा."

साडेतीनला जळगावहून ज्ञानेश्वरांचा फोन आला. डॉक्टरांचे हात रिकामे नव्हते, म्हणून कमलबाईंनी घेतला.

"मेट्रन, किती लागतील?"

"पंधराशे तरी."

"काळजी करू नका. तुमचे पाचशे हाताशी आहेतच. भुसावळ आणि पिंप्राळ्याला सांगितलंय, ते हजार पाठवतात. पत्रकावर साडेचार हजार दिसतायत, म्हणजे धुळ्यालाही आपल्याकडूनच देता येतील. नाशिकहून मागवणार होतो, त्यांना राहू द्या म्हणून कळवतो. ठीक ना?"

कमलबाईंच्या डोळ्यांपुढे ते पत्रक आले. हिरव्या चौकटी, प्रत्येक चौकटीत पाचशे. यातली एकही चौकट खरी नाही, हे या घडीला त्यांच्याइतके स्पष्ट कोणालाही माहीत नव्हते. सांगायचे तर आताच सांगायला हवे होते. पण कौतिक एरंडोलच्या वाटेवर होता, पेटी येणार होती, पाचशे अँप्यूल म्हणजे दोन तास निभावणार होते, आणि त्या दोन तासांत काहीतरी मार्ग निघालाच असता. चौतीस वर्षांचे नाव दोन तासांसाठी मातीत का घालायचे, असे त्यांच्या मनाने त्यांना विचारले.

"ठीक," त्या म्हणाल्या.

फोन ठेवला आणि तो पुन्हा वाजला. भुसावळच्या प्रमुख परिचारिका होत्या, आवाज दबलेला.

"अक्का, पेटी कुठंय? आमच्याकडे पाचशे मागितलेत. तातडीचं आहे म्हणे. मी हो म्हणून बसले."

"कोणासाठी मागितलेत, ते विचारलंस?"

"नाही. कोणासाठी?"

कमलबाईंनी फोन बंद केला. लगेच पिंप्राळ्याहून फोन आला: अक्का, पेटी अजून पोचली नाही, आणि आमचे पाचशे मागतायत. त्याच्यामागे धरणगावचे औषधनिर्माते भाईदास: अक्का, तुमची पेटी तासाभरासाठी मिळेल का, इथून कुठंतरी पाठवायची आहे.

दोन्ही जिल्ह्यांत जो तो त्यांच्याकडे पाठवायला म्हणून त्यांचीच पेटी शोधत होता. मदत निघाली, असे जळगावात लिहिले गेले होते. निघालेली मदत म्हणजे कौतिकच्या गाडीपुढे धावणाऱ्या एका बसमधली एक पत्र्याची पेटी, एवढेच जगात होते.

चार वाजून दोन मिनिटांनी ज्योतीच्या ट्रेमधला काचेचा आवाज थांबला.

"अक्का," ती हळू म्हणाली, "संपले."

गावातली सात-आठ औषधांची दुकाने शिपायांनी आधीच धुंडाळली होती. त्यांतून सव्वीस अँप्यूल मिळाले होते आणि तेही संपले होते. डॉक्टर प्रेमराजांनी मान वर केली. "पेटी?"

"येतेय."

"येतेय म्हणजे? कुठून?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. साधा प्रश्न होता, आणि तो कमलबाईंना सहन झाला नाही. त्याच वेळी दाराशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वही जमिनीवर होती आणि तिच्याशेजारी उषा. तासभर ती रुग्णांची नावे लिहीत, पोरांना पाणी पाजत, नातेवाइकांना दम देत हिंडत होती. आता तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि ओळखपत्राची फीत घामाने मानेला चिकटली होती. कमलबाई गुडघे टेकून बसल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ऊन इथे नव्हते.

"दोनच," उषा पुटपुटली. "दोनच..."

"बोलू नकोस."

छाती वाजत होती. तिला कुशीवर वळवून त्या तिचे तोंड साफ करीत राहिल्या. नळी घालून पाणी ओढत राहिल्या. हातात सुई होती, दंडात शीर सापडली होती, पट्टी बांधलेली होती, आणि सिरिंज रिकामी होती. इतकी सारी विद्या हातात असून हाताला करण्यासारखे काही नाही, ही भीती कमलबाईंनी यापूर्वी कधी अनुभवली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे जात होता. चार-पाच. चार-आठ. कोपऱ्यातल्या खाटेवर रोहिदास आबांनी पाहुण्यांची चौकशी थांबवली होती. चार-अकराला डॉक्टर त्यांच्या छातीवर दाब देऊ लागले. चार-चौदाला भोंगा ऐकू आला.

कौतिक पेटी छातीशी धरून धावत आत आला. कमलबाईंनी कडी काढली. वरच्या थरात पांढरी खोकी व्यवस्थित रचलेली होती. ज्योतीने झडप घालून दोन खोकी उचलली आणि काच फुटण्याचा तो आवाज पुन्हा सुरू झाला. पहिले पाच अँप्यूल उषाच्या शिरेत गेले.

दुसऱ्या थराला हात घालताच कमलबाईंना वजन जाणवले नाही. त्यांनी खोके उघडले. रिकामे. दुसरे उघडले. रिकामे. तिसऱ्यात कापसाचा बोळा घातला होता, हलवले तर वाजू नये म्हणून.

कोणी चोरी केली नव्हती. दोन वर्षांत कोणाकडे एक रुग्ण आला, कोणाकडे दोन. त्यांनी पेटीतले घेतले, पुढच्या वेळी भरून देऊ म्हणून. पाहणीचे साहेब वरचा थर पाहतात हे सगळ्यांना ठाऊक झाले होते, म्हणून खाली रिकामी खोकी सरळ रांगेत लावली गेली. जशी कमलबाईंनी पुनमची लाज राखली, तशी प्रत्येकीने पुढच्यासाठी पेटीची लाज राखली होती. आणि परत आलेली पेटी स्वतः कमलबाईंनी तरी कधी तळापर्यंत पाहिली होती? आपल्याच घरच्या पेटीत हात घालून मोजणे त्यांना शेजाऱ्यांवर संशय घेण्यासारखे वाटत आले होते.

"एकशे ऐंशी," ज्योती म्हणाली.

कोपऱ्यात डॉक्टर प्रेमराजांनी हात थांबवले. त्यांनी घड्याळ पाहिले, वेळ सांगितली, आणि रोहिदास आबांच्या तोंडावर चादर ओढली.

कमलबाई उठल्या. गुडघ्यांवर उषाच्या ओकारीचे डाग होते. सगळ्या वॉर्डादेखत, डॉक्टरांच्या समोर, त्यांनी जळगावला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"साहेब, पत्रक बाजूला ठेवा. ते खोटं आहे."

"मेट्रन?"

"माझ्याकडं पाचशे नाहीत. भुसावळला नाहीत, पिंप्राळ्याला नाहीत, कुठंच नाहीत. नऊ ठिकाणी पाहणीत दिसलेली पेटी एकच होती. माझी. मी पाठवत होते. आता माझ्यासमोर पडली आहे, तिच्यात एकशे ऐंशी निघाले, आणि ते तासभरही पुरायचे नाहीत."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"नाशिकला नको म्हणालात, ते परत घ्या. आता. मला काय म्हणायचं ते उद्या म्हणा, बसून ऐकेन. आणि नऊही ठिकाणचे फोन एकदम जोडून द्या."

फोन जोडायला चार मिनिटे गेली. मग एकामागून एक आवाज आले, प्रत्येक आवाज घसा खाकरून. बोलायला कोणीच तयार नव्हते. ते मौन कमलबाईंना चांगले ओळखीचे होते. तासापूर्वी ते त्यांच्या स्वतःच्या तोंडात होते.

"मी पारोळ्याहून बोलतेय," त्या म्हणाल्या. "पाहणी संपली. पहिली मी सांगते. माझं कपाट रिकामं आहे आणि एक माणूस आत्ताच गेला. तुमच्या रोजच्या ट्रेमध्ये खरोखर किती आहेत तेवढं सांगा. लाजू नका. लाजायचं काम मी केलंय."

"बहात्तर," भुसावळ म्हणाले.

"चाळीस. आमच्याकडं चाळीसच आहेत," पिंप्राळ्याहून रडवेला आवाज आला.

"अक्का, मनाकडे एकशे दहा शेतस," पुनम म्हणाली. "पण मी दूर शे. धुळ्याले देऊ का? त्यासले बी लागतीन."

"धुळ्याला दे. लगेच निघ. वाहकाच्या हाती देऊ नकोस, स्वतः जा."

मग धरणगावचे भाईदास खाकरले. "अक्का, एक सांगू? ढोरांच्या दवाखान्यात बघा. विषारी चारा खाल्लेल्या गुरांना हेच देतात. तिथं मोठ्या बाटल्या असतात. माझा मेहुणा तिथंच आहे, तो कधी पाहणीला घाबरत नाही, म्हणून त्याच्याकडं माल असतो."

कोणी हसले नाही. पण त्या एका वाक्याने सगळ्यांचे घसे मोकळे झाले. ज्ञानेश्वरांचा आवाज आला, कोरडा आणि भरभर: चार तालुक्यांतले गुरांचे दवाखाने मी उघडायला लावतो; प्रेमराज, ते औषध चालेल का, किती पातळ करायचं, सांगा. डॉक्टर प्रेमराज पुढे आले. त्यांनी कमलबाईंच्या हातातून फोन घेतला. घेताना त्यांच्याकडे पाहिले नाही.

पारोळ्याच्याच गुरांच्या दवाखान्यातून पहिल्या बाटल्या पाच वाजायच्या आत आल्या. तोवर एकशे ऐंशीतले चौदा उरले होते. धरणगावची गाडी साडेपाचला आली, भुसावळ-पिंप्राळ्याची सहाला. नाशिकचा माल दिवेलागणीनंतर पोचला. तो पाऊण तास आधी पोचला असता, हे कमलबाईंना कोणी सांगावे लागले नाही.

उषाला साडेसहाला श्वासाच्या यंत्रासाठी धुळ्याला हलवले. कमलबाई रुग्णवाहिकेत तिच्याजवळ बसल्या. वाटेत दर पाच मिनिटांनी त्या तिची पापणी वर करीत आणि बॅटरीचा प्रकाश टाकीत. बाहुली टाचणीएवढीच. पुन्हा टाचणीएवढीच. कौतिक पुढून एकदाच म्हणाला, "अक्का, पाणी पी ल्या." त्यांनी प्यायले नाही. धुळ्याच्या वेशीपाशी त्यांना वाटले, बाहुली जराशी मोठी झाली. खरेच झाली की आपल्या डोळ्यांनी आपली लाज राखली, हे त्यांना सांगता येईना. गेल्या दोन वर्षांत जे पाहायचे तेवढेच पाहण्याची सवय त्या डोळ्यांना लागली होती. त्यांनी बॅटरी बंद केली, शंभर आकडे मोजले आणि पुन्हा पाहिले.

उषा वाचली. पाचव्या दिवशी नळी काढल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो आपल्या वहीचा. रोहिदास आबांखेरीज आणखी एक म्हातारी गेली. मदत वेळेत पोचली असती तरी ती दोघे वाचली असती असे नाही, असे डॉक्टर प्रेमराजांनी चौकशीत सांगितले. ते खरे असेलही. कमलबाईंनी आपल्या जबानीत चार-दोन ते चार-चौदा ही बारा मिनिटे लिहिली, आणि साडेतीनला आपण 'ठीक' म्हणालो, तेही लिहिले. विश्वस्तांनी 'पुरवठ्यातील विलंब' असा शब्द सुचवला. त्यांनी तो घेतला नाही. मेमध्ये त्यांची निवृत्ती होती. तोवर औषधांच्या खोलीची किल्ली ज्योतीकडे देण्यात आली, आणि ती किल्ली त्यांनी स्वतः तिच्या हातात ठेवली.

नव्या पत्रकावर नऊ ठिकाणचे मिळून सहाशे बारा अँप्यूल होते. ज्ञानेश्वर बैठकीत तो आकडा वाचताना अडखळले. खोलीतले सगळे खाली बघत होते. दोन वर्षे साडेचार हजारांवर शांत झोपलेले दोन जिल्हे सहाशे बारांवर उभे होते, आणि पुढचा टेम्पो कोणत्या फाटकातून कधी शिरेल हे कोणालाही माहीत नव्हते.

मार्च महिन्यात एका सकाळी पुनमचा फोन आला. आवाज जुनाच, दबलेला.

"अक्का, सकायले पाहणी शे. नवा साठा मागवेल शे, पण येवाले आठ दिवस लागतीन. कपाट खाली शे. काय करू?"

निळी पेटी ज्योतीने मोजणीसाठी कमलबाईंच्या खुर्चीशेजारी आणून ठेवली होती. कागदांनी खरवडलेले नाव ज्योतीने पुन्हा रंगवून घेतले होते आणि पेटीत आता तळापासून पाचशे होते. कमलबाई रोज सकाळी ते मोजत. दुपारची दोंडाईच्याची गाडी मिळाली असती. तळहातावर, जिथे त्या दिवशी नंबर लिहिला होता, तिथे त्यांचा अंगठा फिरत राहिला.

"दार उघड," त्या म्हणाल्या, "आणि त्यांना रिकामं कपाट दाखव."

"अक्का, लोके काय म्हणतीन?"

"म्हणू दे. मी येऊन तुझ्याशेजारी उभी राहते."